गॅस वाढलाय

९ जाने. ९२, गुरु.
आज कटलेट. एकटीसाठी. बटाटा एक, गाजर अर्धं, बीट एवढंसं, मटार मूठभर. ब्रेडचा चुरा घरचाच, शिळ्या स्लाइस तव्यावर कडक करून कुटलेला. दोन दुपारची, दोन रात्रीची. बशीत टोमॅटोच्या सालीचं फूलसुद्धा करून ठेवलं. कोणासाठी? माझ्यासाठी. चोरी आहे का?

वरच्या देशपांडे वहिनी वाटी मागायच्या निमित्ताने डोकावल्या. "अय्या काकू, एकट्याच आणि एवढा थाट! आमचे हे टूरवर गेले ना, की मी नुसती खिचडी टाकते बाई."

टाक. तुझे हे टूरवरून परत येतात. माझे जूनमध्ये गेले ते कायमचे. म्हणून मी जन्मभर खिचडी गिळू का? तोंडावर नाही बोलले. वाटी दिली.

११ जाने., शनि.
कपाट आवरताना कस्टर्डचे काचेचे पेले सापडले. निळे. एक टवका उडालेला, बाकी शाबूत.

फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये होतो तेव्हाचे. काय एकेक फॅशन होती तेव्हा! रशियन सॅलड. कस्टर्डवर लाल जेलीचा थर. वाळूच्या पातेल्यात भाजलेला केक, वरून निखारे. उकडलेल्या अंड्याचं बदक आणि त्याला मिऱ्यांचे डोळे. अननसाचा डबा फोडला की अख्ख्या लाइनीला कळायचं, आज यांच्याकडे साहेब जेवायला आहेत. लेडीज क्लबात माझं सॅलड पहिलं आलं होतं. साहेबांची बायको कृती विचारायला घरी आली, स्वतः, चालत. ह्यांनी मात्र कधी चकार शब्द काढला नाही. पेला चाटूनपुसून साफ करायचे आणि पेपर उघडायचे. तो राग अजून आहे. कोणावर काढू आता?

आणि आमच्या सूनबाई. शुभा म्हणते, "आई, कस्टर्ड आता कोण खातं? आउटडेटेड आहे. मंचुरियन शिका." मंचुरियन! कोबीची भजी आणि कॉर्नफ्लोरचा चिखल. ही म्हणे फॅशन.

१५ जाने., बुध.
काल संक्रांत. लिहायचं नव्हतं, पण झोपेतही तेच.

देशपांडे वहिनींकडे हळदीकुंकू. दुपारी स्वतः आल्या बोलवायला. "काकू, तुमच्या हातची कटलेट हवीत हो, बायका नुसत्या खूश होतील." गेले. ढीगभर वळली, तळली. पाच वाजले, बायका यायला लागल्या, तशी हळूच कानाशी येऊन म्हणते, "काकू, तुम्ही जरा आतच बसता का?"

आत म्हणजे कढईपाशी. विधवेच्या हातचं पोटात चालतं, विधवेचं तोंड चालत नाही! बाहेर वाण लुटतायत, कटलेटं हाणतायत. एकीने विचारलं, कोणी केली हो? तर ही म्हणते, "घरीच केलीत."

गॅस बंद केला आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर पडले. कोणाच्या तरी शालूला माझा तेलाचा हात लागला. लागू दे. घरी येऊन गुळाची पोळी केली. एकच, पण दाबून तूप घालून.

१९ जाने., रवि.
नंदू आला होता, चिनूला घेऊन. शुभा नाही आली, धुणं होतं म्हणे. बदलापूरला खरवईच्या नव्या ब्लॉकमध्ये गेल्यापासून त्यांचं तोंड दिसणं मुश्कील. पोराला आज आईची आठवण कशी, ते चहा पिताना कळलं.

"आई, तुला एकटीला गॅस कशाला गं?"

मी कप खाली ठेवला.

"म्हणजे बघ ना. एक वाटी भात, एक भाजी. स्टोव्हवर आरामात होईल. नाहीतर डबा लाव सरळ. स्टेशनजवळ एक बाई देतात, फर्स्ट क्लास. आमचा नव्या गॅसचा नंबर कधी लागेल देव जाणे. शुभाला सात बाराची लोकल पकडायची असते, सकाळी सकाळी स्टोव्ह, धूर... आणि चिनूचा खोकला जात नाहीये."

गॅस तुला मिळणार नाही म्हटलं. स्पष्ट. तर म्हणतो, "कनेक्शन माझ्याच नावावर आहे तसंही." आहेच. हे गेल्यावर त्यानेच करून घेतलं. तू कुठे एजन्सीत खेटे घालणार, म्हणाला. तेव्हा मला ते प्रेम वाटलं होतं! कार्डही त्याच्याचकडे. सिलिंडर संपत आला की मी निरोप द्यायचा, तो नंबर लावणार. काय तोरा!

चिनू खोकत होती. खोटं कशाला लिहू, कुत्र्यासारखी खोकत होती पोर. चार वर्षांची. मध-हळद दिली, पाठ चोळली.

पण डबा? ह्या वयात मी दुसरीच्या हातचं पांचट वरण खायचं? सोडा घातलेलं? मेले तरी नाही.

२३ जाने., गुरु.
कस्टर्ड ढवळता ढवळता गॅस गेला. बरोबर दाट व्हायच्या वेळेला, मेल्याला मुहूर्त कसा कळतो! खाली मोहिनीभाभीकडे गेले फोन करायला. शुभाच्या ऑफिसात लावला.

म्हटलं, "नंदूला सांग, गॅस वाढलाय."

"वाढलाय? खरंच? अय्या आई, थँक्यू! थँक्यू सो मच!"

ठेवलासुद्धा फोन. थँक्यू कशाचं? असेल ऑफिसातली रीत.

भाभी हसायला लागली. "काकी, गैस बढ़ गया तो हमको दे दो ना एक!" सिंध्यांच्या कॅम्प पाचमध्ये जन्म गेला तिचा, सिंधी बाई, तिला काय माहीत. समजावलं. आमच्यात संपला म्हणत नाहीत. तांदूळ संपत नाहीत, वाढतात. मीठ वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. घरात 'नाही', 'संपलं' असं म्हणू नये. भाभी म्हणे, "अरे वा, ये तो अच्छा है। हमारा तो सीधा खतम।" साई भाजी दिली वाटीभर, त्यांची पालक-डाळ. छान होती, पण लसूण जास्त.

माळ्यावरून स्टोव्ह काढला. पिन, पंप, भडका, डोळ्यांत पाणी. कस्टर्डला रॉकेलचा वास. टाकलं नाही. खाल्लं, शिव्या देत.

२७ जाने., सोम.
गॅस आला! आज राग नाही. निदान पावणेबारापर्यंत नव्हता.

गाडीवाला सिलिंडर लावून देताना म्हणतो, "मावशी, ये लास्ट है ना इधर का? साहेबांनी ट्रान्सफरचा अर्ज टाकलाय. बदलापूरला."

कोणी टाकला?

"साहेबांनी. म्हणाले, आईच म्हणाली घेऊन जा."

मी? मी म्हणाले?

तो गेल्यावर नुसतीच ओट्यापाशी उभी. थँक्यू कशाचं ते आत्ता कळलं. वाढलाय म्हणजे जास्त झालाय! शिकलेली सून माझी, एम.कॉम.! म्हातारीला गॅस जड झाला, उतू चालला, म्हणून फोन करून देऊन टाकला.

जेवले नाही. नाही, खोटं. चिडून चिडून तीन पोळ्या खाल्ल्या.

२ फेब्रु., रवि.
दोघं आली. शुभाने पेढे आणले होते. पेढे!

सगळं सांगितलं. वाढलाय म्हणजे काय, ते. शुभाचा चेहरा पडला. "आई, आमच्याकडे संपलं की संपलंच म्हणतात हो. मला काय माहीत? मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझ्या सासूबाईंनी आपला गॅस दिला. सगळ्या म्हणाल्या, नशीबवान आहेस." डोळ्यांत पाणी आलं तिच्या. खोटं नव्हतं. पोरीवर ओरडावं असं वाटेना, त्याचा आणखी राग आला.

मग नंदूकडे वळले. म्हटलं, तिचं सोड. तू रे? तुझ्या आजीने 'दूध संपलं' म्हणालास म्हणून पाठीत धपाटा घातला होता तुला. तुला नाही कळलं?

तो पेढ्याच्या पुड्याची दोरी गुंडाळत बसला.

"कळलं होतं गं."

"मग?"

"शुभा एवढी खूश होती. म्हटलं, जाऊ दे. तुलाही नंतर पटेल."

म्हणजे माझा पोटचा मुलगा माझी भाषा समजून उमजून खिशात घालून मोकळा. सूनबाईला शब्द कळला नाही, ह्याला कळून उपयोग नाही. पेढे परत दिले. तोंडात घालून बघितला असता तरी कडू लागला असता.

५ फेब्रु., बुध.
नंदूचा भाभीकडे फोन. नवी टूम. "आई, तूच ये ना खरवईला राहायला. चिनूला आजी मिळेल, आम्हालाही आधार."

अस्सं! सिलिंडर, रेग्युलेटर आणि आई, तिन्ही एकाच टेम्पोत. सकाळी ह्यांचे डबे, दुपारी पोरगी, रात्री मंचुरियन. मी म्हटलं, चिनूला दिवसा इथे ठेव, मी सांभाळते, मऊ भात करून घालते, धूर नाही काही नाही. तर म्हणतो, "रोज तुझ्याकडे अंबरनाथला उतरून सोडायचं? प्रॅक्टिकल नाही ते." त्याची गैरसोय ती गैरसोय. माझी ती म्हातारीची खोड.

भाभी फोनपाशीच बसली होती. म्हणाली, "काकी, बच्ची के लिए दे दो। एक बाई का क्या है।" तीसुद्धा! मग स्वतःच म्हणाली, "नहीं, मत दो।" तिलाही ठरवता येईना.

दुपारी मुद्दाम रशियन सॅलड केलं. अंडी उकडली, मेयॉनीज हाताने घोटलं, थेंब थेंब तेल घालत. दंड भरून आला. निळ्या पेल्यात घालून खाल्लं. उत्तम झालं होतं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, ह्याचाच सगळ्यात जास्त संताप.

९ फेब्रु., रवि.
टेम्पो आलाय. खाली उभा आहे. ओट्याशी उभ्याउभ्याच लिहितेय.

दाराला कडी घातली आहे. नंदू जिन्यात. आधी बेल, मग थापा, आता आवाज खाली आणून, "आई, तमाशा नको. लोक बघतायत." बघू दे. देशपांडे वहिनी तर कठड्यावरून अर्ध्या लोंबत असतील.

मी भरली वांगी टाकली आहेत. दोन. दाणे, तीळ, गोडा मसाला, चिंच-गूळ. मंद आच. ही आच स्टोव्हवर येत नाही, कोणाला सांगायचं ते सांगा.

"आई, एजन्सी आज अर्धा दिवसच उघडी आहे. आज सिलिंडर जमा नाही केला तर ते नाव काढून टाकतील. मग तुलाही नाही आणि आम्हालाही नाही. ऐकतेयस का?"

ऐकतेय.

खोकला. पोरीला पण घेऊन आलाय! लाज कशी वाटत नाही? तिला पुढे करतोय. हलकट. माझाच आहे.

"आजी, वास येतोय."

झाकण काढून वांगी उलटली.

"आजी, कसली भाजी?"

"वांग्याची," म्हटलं. दाराला तोंड लावून म्हटलं, मोठ्याने नाही.

"मला भूक लागली."

भाकरी टाकलीय तव्यावर. चिनूला तिखट सोसत नाही. एक वांगं वाटीत काढून पाण्याने धुतलं, सगळा मसाला गेला त्याचा. मऊ झालंय छान. कडी अजून काढलेली नाही.