रेवतीचा ओठ

१२ जानेवारी
रेवती झोपेत हसली! वरचा ओठ फाटलेला, म्हणून तिचं हसू पार नाकापर्यंत जातं. चमच्यानं दूध पाजता पाजता मलाही डुलकी लागली. स्वप्नात ती जवसाच्या निळ्या फुलांतून रांगत होती, आणि "काय झालं वं हिले?" असं कोणीच विचारत नव्हतं.

जाग आली तर सासूबाई दारात. "गिऱ्हानात वांगे चिरले तुनं. म्या पाह्यलं." रोजचंच. पोटुशीनं ग्रहणात काही चिरलं की बाळाचा ओठ फाटतो म्हणे.

१९ जानेवारी
पहाटेच्या बसनं अकोल्याला. बाहेर नुसतं धुकं. मी, लखन आणि रेवती, तिघं ढगातून चाललोय असं वाटत राहिलं.

डॉक्टरबाईंनी रेवतीला पाहिलं, मग लखनकडेच बघत राहिल्या. "खालचा ओठ दाखवा जरा." त्याच्या ओठावर दोन बारीक खळगे आहेत. लग्न ठरलं तेव्हा मला तेच आवडले होते!

"जन्मापासून आहेत?"

"हो. बाबाचेबी असेच होते."

तिघांचं रक्त घेतलं. ओठ ऑपरेशननं नीट होईल म्हणाल्या. पण हे घराण्यातून उतरलंय का, पुढच्या बाळाला होईल का — ते या तपासणीतून कळेल.

निघताना विचारलंच — ग्रहणानं होतं का? त्या हसल्या नाहीत. "नाही. अजिबात नाही."

२ फेब्रुवारी
रिपोर्ट नाही. दुपारी हरभऱ्याच्या गंजीला टेकून आभाळ बघत बसले. ढग सरकतायत की मी — कळेना.

२३ फेब्रुवारी
आला. रेवतीच्या जनुकात जो बदल आहे तोच लखनमध्ये; त्याच्या ओठावरचे खळगे ही त्याचीच खूण. माझ्यात नाही. पुढच्या बाळाला निम्मी शक्यता.

मी सुटले — पण आनंद होईना. बसमध्ये लखन तोंडावर रुमाल धरून बसला होता. बाहेर पळस फुललेला, सगळं लाल, सगळं लांब. रिसोड आलं तेव्हा बोलला, "साधना, माह्याच्यानं झालं."

"तुमी काय मुद्दाम देलं? तुमालेबी कोणीतरी देलंच न!"

घरी येऊन त्यानं आईला स्वतः सांगितलं. "तिले आता बोलू नको. हे आपल्या घरचं आहे. बाबाकडून मले, माह्याकडून पोरीले."

सासूबाई उठून गोठ्यात गेल्या. जेवायलाही आल्या नाहीत.

२४ फेब्रुवारी
सकाळी सासूबाई चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसल्या. पहिल्यांदाच सांगितलं, लखनच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. ओठ असाच. दूध ओढता येईना. बारशाआधीच गेली. "माही सासू म्हने, गिऱ्हानात तूच बाहीर गेली, तूच खाल्लं लेकरू." मग विस्तवात एक काडी सरकवली.

"साधना, मंग... माहाबी कसूर नव्हता का वं?"