वडी गप्प, तारा बोलतात

आये, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. मी सासरी पिंपरी पेंढारला निघाले तेव्हा तू माझा पदर सारखा करत म्हणालीस, "कुनी कितीबी तापवलं तरी तू थंड ऱ्हा." राहिले. घरात दूध उतू गेलं, कुणाचं भांडण पेटलं, सगळं माझ्या नावावर, आणि मी थंड.

परवा नात पुण्याहून आली. कॉलेजात ती एक काळी वडी भट्टीत भाजून बनवते, कौलासारखी ठिसूळ. मी भाकरी थापतेय, तर उलथन्याचं टोक चुलीत धरून मला शिकवायला लागली. "आजी, धातूचं एक टोक तापलं, दुसरं गार राहिलं, की दोघांत बारीकशी वीज उभी राहते. माझ्या वडीतबी राहते. पण वडी लई गार केली, की मग एक टोक दुसऱ्यापेक्षा तापवलं तरी तिची वीज शून्य."

"लई गार म्हंजी बर्फावानी?"

"बर्फ तिच्यापुढं निखारा! तरी तिचं नाव उच्च तापमानवाली अतिवाहक. तिच्या जातीच्या बाकीच्यांना आणखी गारठा लागतो म्हणून."

"नावं ठेवणारे तिकडंबी हायेत म्हन की."

हसली, आणि मग रडायलाच लागली. वडी गार करूनही तिची वीज मोजणारा मीटर शून्यावर आला नाही, म्हणून सर सगळ्यांदेखत म्हणाले, वडी खराब, टाकून दे. एवढ्या दिवसांची मेहनत! "वडी गप्पच हाय, आजी. तिला मीटरला जोडणाऱ्या तांब्याच्या तारा हायेत, त्यांचंबी एक टोक तापतं. ती वीज त्यांची."

तिचा बाप, म्हणजे माझाच लेक, पलीकडून म्हणतो, "सरांपुढं तोंड उघडू नको. थंड घे जरा."

अस्सा संताप आला, आये! लेकाचा कमी, तुझा जास्त. गप्प बसणाऱ्याच्या माथी दुसऱ्याचं मारतात, हे तुला दिसत नव्हतं? का दिसूनही मला तेच शिकवलंस? तिला म्हणाले, "जा आन बोल. तारा बदलून दाखव तुझ्या सराला. मीटरचा आकडा बदलला की कळंल कोन खराब ते."

आज तिला ओतूरच्या स्टँडवर सोडून आले. हे टपालात टाकणार नाही; तुला अक्षरओळखही नव्हती, वाचणार कोण? पण एक लिहिते. एसटी हलली तशी माझे हात गार पडले. खाली उतर, जाऊ दे, गप्प बस, असं ओरडावंसं वाटलं मला.