रकाना चौदा व माझ्या आईचे गर्भाशय

प्रति,
मा. अध्यक्ष,
अवयव प्रत्यारोपण परवानगी समिती,
शासकीय रुग्णालय आवार, दुसरा मजला.

विषय : मला गर्भाशय असल्याचा आपल्या कार्यालयाने लावलेला शोध मागे घेऊन आईचे गर्भाशय मला बसवण्यास परवानगी देणेबाबत.
संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र, दि. ३ ऑगस्ट.

महोदय,

१. मी शाळांचे गणवेश शिवते. वय एकोणतीस. जन्मतः मला गर्भाशय नाही. आई तिचे द्यायला तयार आहे, डॉक्टर तयार आहेत, माझे यजमानही तयार आहेत. अडून बसलाय तो फक्त आपला छापील फॉर्म.

२. त्यातील रकाना १४ मध्ये 'शेवटच्या पाळीची तारीख' विचारली आहे. मी 'लागू नाही' लिहिले; तारखेच्या जागी तारीखच हवी, म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या खेपेस दोन सोनोग्राफी व एक एमआरआय जोडले. पाकिटाचा डिंकसुद्धा न सुटता ते परत आले. तिसऱ्या खेपेस खिडकीवरच्या बाईंना माझी दया आली. "टाका हो कुठलीही, कोण बघतंय," म्हणाल्या. मी मूर्खासारखी त्याच दिवसाची तारीख टाकली.

३. नेमके तेव्हा कोणीतरी बघितले. आपण कळवता की, 'अर्जदारास पाळी येत असल्याने गर्भाशय अस्तित्वात आहे, सबब प्रत्यारोपणाची आवश्यकता नाही.' तीन डॉक्टरांना माझ्या पोटात जे सापडले नाही, ते आपल्याला टेबलावर बसून सापडले. धन्य आहे. खोटी तारीख लिहिली ही माझी चूक, कबूल. खरे लिहिले होते तेव्हा आपण वाचले नाहीत.

४. नवा अर्ज ऑक्टोबरच्या बैठकीत घेऊ, असे सांगण्यात आले. आपल्याच नियमाने दात्री पन्नाशीच्या आतली हवी. आईला १९ सप्टेंबरला पन्नास पूर्ण होतात. जन्मदाखला सोबत आहे. ते पाकीट तरी उघडावे. यासाठी तिने सात महिने साखर सोडली, सहा किलो वजन उतरवले. शेजारणीने नाक मुरडले तेव्हा म्हणाली, "पिशवी माझी, लेक माझी, तुमच्या पोटात का दुखतंय?"

५. तरी १९ तारखेपूर्वी विशेष बैठक घ्यावी. तेवढे झेपणार नसेल, तर २० तारखेला आपण स्वतः आमच्या घरी यावे आणि आता तुमचा उपयोग नाही, हे आईला तोंडावर सांगावे. मला ते सांगवणार नाही.

नाइलाजाने नम्र,
(सही)
अर्जदार
दि. ११ ऑगस्ट