वेळेआधीचं आमेन

प्रिय टिल्ल्या,

सहा फूट उंचीच्या माणसाला टिल्ल्या म्हणू नये, हे मला कळतं. पण तुझं खरं नाव लिहिलं की मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहितेय असं वाटायला लागतं. तेव्हा राहू दे.

अर्धांगाच्या झटक्यानंतर पप्पा आता काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत एकटे जातात. उजव्या हातात चमचा अजून ठरत नाही, म्हणून डाव्याने जेवतात आणि सांडलं की आधी टेबलाकडे रागाने बघतात, जणू टेबलानेच धक्का मारला. शब्द मात्र परत आलेले नाहीत. हे सगळं तू फोनवर विचारतोस आणि मी सांगते. आज लिहितेय ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही. आईचा गुडघा आणि स्वभाव, दोन्ही आहेत तिथेच आहेत. तुझ्या भाचीचे पुढचे दात पडलेत आणि त्या फटीतून ती तोंडाला येईल ते बोलते. तू गेलास तेव्हा ती रांगत होती.

चर्चच्या मंडळीच्या मासिकातलं माझं व्यंगचित्रांचं शेवटचं पान अजून चालू आहे. मागच्या महिन्यात मी खजिनदारांना काढलं. ते उपदेशात डुलक्या घेतात, पण मान अशी लयीत हलते की पाळकांना वाटावं, चला, निदान एकाला तरी पटतंय. चित्र छापून आल्यावर त्यांनी मला दारातच गाठलं. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते, तर म्हणाले, "ऑर्गनवाल्या बाईंच्या नवऱ्याला काय हुबेहूब पकडलंस गं!" त्याआधीच्या महिन्यात प्रार्थनेतून बातम्या देणारी आपली शिवणकामवाली मावशी होती. "प्रभू, तुला माहीतच आहे, समोरच्यांच्या मुलीने कुणाशी जमवलंय," असं ती सुरू करते आणि मग प्रभूला माहीत असलेलं सगळं आम्हालाही कळतं. तिने तर ते पान चौकटीत घालून मशीनच्या वर लावलंय. लोक स्वतःला ओळखत नाहीत की ओळखूनही त्यांना गंमत वाटते, हे कोडं मला इतकी वर्षं काढूनही सुटलेलं नाही.

हे सगळं मला दिसतं, कारण मी प्रार्थनेत डोळे मिटत नाही. एरवी प्रत्येक जण आपापला चेहरा सांभाळत असतो. डोळे मिटले की तो सुटतो. कुणाच्या कपाळावर आठी येते, कुणी आतल्या आत हसतं, कुणी रविवारच्या बुटातला चावणारा अंगठा हळूच मोकळा करतं. मी हे बघते ते प्रेमाने की नुसत्या भोचकपणाने, हे मी रोजनिशीत कितीदा विचारलंय, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. शेवटी पाळकांनाच विचारलं. ते म्हणाले, "देवाला काढू नका म्हणजे झालं. बाकी आम्ही आहोतच."

एक चित्र मात्र मी आजवर कधीच काढलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावरचे पप्पा.

भूगोलाच्या मास्तरांची, म्हणजे पप्पांची, प्रार्थना कशी असायची, तुला सांगायला नको. खंडाखंडाने चालायची. जिथे लढाई असेल तो देश, जिथे पूर असेल ती नदी, वाळवंटातले, बर्फातले, बोटीवरचे खलाशी. मग आपला देश, आपलं गाव, गल्ली, शेजाऱ्यांचा दमा. आणि अगदी शेवटी हे टेबल, एकेकाचं नाव घेऊन. तोवर वाफा विरलेल्या असायच्या. तू टेबलाखाली बोटांवर खंड मोजायचास आणि मला खूण करायचास, अजून दोन बाकी.

तू घर सोडलंस त्या दिवशी कामावरून उपाशी आला होतास, हेही मला आठवतं. पप्पा अजून खलाशांपाशीच होते आणि तू खणखणीत आवाजात म्हणालास, "आमेन!" आणि भाकरी मोडलीस. मला हसू फुटलं होतं. आईलाही फुटलं होतं, तिने ते खोकल्यात घातलं. पप्पा मात्र म्हणाले, या टेबलावर ज्याला प्रार्थना नको, त्याने इथे जेवू नये. मग तू बोललास, ते बोलले, जुन्या-पुराण्या गोष्टी निघाल्या, आणि तू ताट सरकवून उठलास. मी दोघांपैकी कुणाची बाजू घेत नाही. ते वाक्य कठोर होतं आणि तू ते शब्दशः पाळलंस, इतकंच लिहिते. त्यांनी स्वतः बोलावलं तर येईन, असं तू म्हणत आलास. आणि आता त्यांना बोलावताच येत नाही.

दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच जेवणाला पप्पांनी सवयीने मान खाली घातली. आम्हीही घातली. आणि मग अडचण लक्षात आली, टिल्ल्या. आवाज नाही तर प्रार्थना संपली हे कळणार कसं? कोणता खंड चाललाय, कुणास ठाऊक. आई म्हणते, "त्यांची प्रार्थना, आमेनही त्यांचंच. मी मध्येच कशी तोडू?" आपल्या घरात एकदा आमेन लवकर म्हटलं गेलं, तेव्हापासून सगळ्यांनीच धसका घेतलाय. मग आम्ही बसून राहतो. शेवटी आई पेल्यात जरा आवाज करत पाणी ओतते आणि आम्ही गार झालेलं जेवायला लागतो.

मागच्या आठवड्यात मी माझ्या सवयीवर गेले आणि डोळे उघडले. तर काय, सगळ्यांचाच एकेक डोळा उघडा! तुझे भावोजी, तुझी भाची, आणि चक्क आई. सगळे पप्पांच्या ओठांकडे टक लावून बसलेले. आणि पप्पांचे तर दोन्ही डोळे उघडे होते. ते एकेकाकडे बघत होते, सावकाश, टेबलाच्या कडेकडेने. माझ्यापाशी आले, मला उघड्या डोळ्यांनी पकडलं, भुवई उंचावली आणि पुढे गेले. जग त्यांनी मनातल्या मनात आधीच उरकलं होतं की सोडून दिलं होतं, कोण जाणे. मग ते खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीपाशी आले आणि तिथेच थांबले. पाणी ओतलं जाईपर्यंत तिथेच.

त्या नजरेचं मी किती वेळा रेखाटन केलं! आधी वाटलं राग. भुवया तशा नाहीत. मग वाटलं दुःख. पण तोंडाचा कोपरा तसा नाही. मला ते सुटत नव्हतं.

परवाच्या रविवारी तुझ्या भाचीला भूक आवरेना. आम्ही सगळे माना खाली घालून बसलेलो असताना ती त्या दातांच्या फटीतून मोठ्यांदा म्हणाली, "आमेन!" आई दचकली. मी पप्पांकडे बघितलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, झटका आला पुन्हा. पण ते हसत होते रे! आवाज नाही, डोळ्यांत पाणी, आणि हसू काही थांबेना. आजारपणानंतरचं पहिलं. मग त्यांनी डावा हात उचलला आणि त्या खुर्चीकडे बोट केलं.

मला तिखटमीठ लावायचं नाही. त्यांचा हात थरथरतो. ते बोट खिडकीकडेही असू शकत होतं. म्हणून मी विचारलं, खिडकी लावू? त्यांनी मान हलवली, नाही. पडदा? नाही. तुझे भावोजी म्हणाले, ऊन लागतंय का? तेव्हा तर बोट तसंच ठेवून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे असं बघितलं, जसं वर्गात नकाशावर उत्तर दक्षिण न कळणाऱ्या पोरांकडे बघायचे. शेवटी आई उठली. तिने काही विचारलं नाही. कपाटातून एक ताट काढून पुसलं आणि खुर्चीसमोर ठेवलं. बोट खाली आलं. पप्पांनी पुन्हा मान खाली घातली, आणि या वेळी कुणीच पाणी ओतलं नाही.

तेव्हा मला ती नजर कळली. गमतीची अर्धी गोष्ट सांगून झाल्यावर, उरलेली अर्धी समोरच्याने पुरी करावी म्हणून माणूस थांबतो ना, तसे ते थांबलेले असतात.

सोबत चित्र पाठवतेय. टेबल आहे, एकेक डोळा उघडा ठेवलेले आम्ही आहोत, ताटही आहे. खुर्ची रिकामी आहे, कारण मला तुझा आताचा चेहरा माहीत नाही आणि मी अंदाजाने कुणाला काढत नाही. हे बोलावणं आहे की नाही, हे तू ठरव. मी फक्त जे दिसलं ते लिहिलं. पण ताट आता रोज मांडलं जातं, आणि माझी शंका अशी आहे की त्या दिवशी तू आमेन म्हणालास तेव्हा ते खलाशांपाशीच होते, तुझ्या नावापर्यंत पोचलेच नव्हते. ते अजून तुझ्या नावापाशीच अडलेत. तू ये, बस, त्यांना तुझ्यापर्यंत येऊ दे. मग मात्र आमेन जरा लवकरच म्हण, कारण जेवण गार होतं आणि आम्हा कुणाची म्हणायची हिंमत होत नाही.

तुझीच,
एक डोळा उघडा ठेवून दाराकडे बघणारी
ताई