टाइपरायटर नको, ऑडिट हवं

डोंबिवली, मंगळवार, ८ जून १९५४

आज कल्याणच्या ऑफिसात सरांनी माझ्यापुढे टाइपरायटर सरकवला. "कारखान्याच्या ऑडिटला मुलगे जातील, तुम्ही इथे टाइपिंग करा." बी.कॉम. होऊन सी.ए.चं काम शिकायला यांच्याकडे आर्टिकल क्लार्क झाले ती टाइपिंगसाठी? मी हात मांडीवरच ठेवले.

"सर, हिशेब तपासायला शिकायचं तर कारखान्यात जायलाच हवं."

सर अडखळले. "तिथे बायकांसाठी सोय नाही हो."

एवढंच कारण? "मग मी पाणी न पिता जाईन."

बोलून गेले आणि कान तापले. मुलगे खाली बघत राहिले, सर केबिनमध्ये निघून गेले. उद्धटपणा झाला का? झाला असेल. पण तो टाइपरायटर अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "टाइपिंग काय वाईट गं? बसून काम."

आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "बसायचंच असतं तर घरात पाट काय कमी होते?"

मला हसू आवरेना.

उद्या मुलगे ऑडिटला निघाले की मीही निघणार. अडवायचंच असेल तर सरांनी दारात उभं राहून अडवावं.