बारा व्होल्टची काय ती मिजास!

६ फेब्रुवारी २००९, शुक्रवार
शी! टॉवर अर्धवट, बिल्डर फरार आणि नारळ माझ्या हातात. पण खचायचं नाही. रविवारी पंधरा तारखेला सेफ्टी इंजिनिअरचा इंटरव्ह्यू आहे. ही नोकरी हुकली तर इथला आखाती व्हिसा खलास, बिऱ्हाड थेट सांगलीला. 'इलेक्ट्रिकल सेफ्टी'वर प्रेझेंटेशन मागितलंय. साध्या स्लाइड्स नकोतच. थ्रीडीमध्ये पेटती वायर दाखवणार! घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड हवं.

७ फेब्रुवारी
कार्ड आणलं. दुकानदार हमदुल्ला म्हणे, साब, पुराना पावर सप्लाय नहीं चलेगा, नया ले लो. लुच्चा! अकरा हजार व्होल्टची सबस्टेशनं उभी केलेल्या माणसाला हा बारा व्होल्ट शिकवणार.

८ फेब्रुवारी
कार्डाच्या पॉवर वायरला दोन शेपट्या. सप्लायमध्ये मोकळा प्लग एकच. एकच जोडली. सृष्टीने पुस्तिका वाचली आणि म्हणाली, बाबा, इट सेज बोथ. एवढी फी भरून पोरं हेच शिकतात. बापाला उलट बोलणं.

९ फेब्रुवारी
प्लग सैल. स्क्रीन सारखी काळी. काय हा भिकार माल! जुन्या कंपनीतलं माझं व्हिजिटिंग कार्ड घडी घालून फटीत कोंबलं. घट्ट बसलं. नाहीतरी त्याचा आता दुसरा उपयोग काय?

११ फेब्रुवारी
घरात करपट वास. आमच्या सौ. छायाचा धूप, दुसरं काय! नवी वस्तू आली म्हणून रोज संध्याकाळी कॉम्प्युटरला कुंकू लावून धूप ओवाळते. सेफ्टी इंजिनिअरच्या घरात उघडी आग! चीड आली. धूप बंद करायला लावला. छायाने अबोला धरलाय.

१२ फेब्रुवारी
धूप बंद, तरी वास. शेजारच्या अनुपमाबाई सुके बोंबील भाजत असणार. अल मनखूलच्या या बिल्डिंगीत एकाचं जेवण सगळ्यांच्या नाकात. नाकाला रुमाल बांधून काम केलं. वायर फार सुंदर पेटते.

१३ फेब्रुवारी, सकाळी
अनुपमाबाईंना सुनावून आलो. त्या म्हणाल्या, आम्ही माळकरी, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. सगळे असंच म्हणतात.

१४ फेब्रुवारी
प्रेझेंटेशन पूर्ण. शेवटचं एकदा चालवून बघत होतो, तर कॅबिनेटमधून धूर! मेन स्विच पाडला. प्लग वितळून कार्डाला चिकटलाय, मध्ये माझ्या नावाचा काळा पापुद्रा. सप्लाय जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला. कॉपी उद्या सकाळी काढणार होतो.

१५ फेब्रुवारी, रविवार
प्रेझेंटेशन कुठाय, विचारलं. जळालं म्हणालो. कशाने? मग मी तोंडीच समजावलं. व्होल्टेज कमी असलं की तेवढ्याच पॉवरला करंट जास्त लागतो, सैल जोड तापतो, आणि धुराच्या आधी वास येतो. पॅनेलने माना डोलावल्या. मनात म्हटलं, जिंकलो.
मग कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या साहेबाने विचारलं, वास आल्यावर तुम्ही काय केलंत?
बायकोचा धूप बंद केला, म्हणालो.
घरी आलो. छायाने माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या आणि देवापुढे धूप लावला. काडी मीच पेटवून दिली.