गुरुवारचं वजन

अण्णा, तुमच्या नातीच्या मांडीच्या हाडाला चीर गेली आहे. ती सायकलवरून पडली नाही. डॉक्टर म्हणाले, सराव एवढा आणि खाणं चिमणीचं. पाळी थांबली की हाडंही कमजोर होतात. सतरा वर्षांची आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. मी सायकलच्या शर्यतीत उतरायचे तेव्हा त्या दिवशी तुम्ही मला चाकणला, कंपनीतल्या तुमच्या स्टोअरमध्ये न्यायचात, सुटे भाग मोजायच्या काट्यावर उभं करायचात. घरच्या काट्यावर तुमचा भरवसा नव्हता. वॉचमन विचारायचा, "काय अण्णा, पोरगी डिस्पॅचला? मालाचं चलन फाडू का?" तुम्ही हसत नाही. आकडा बघता. "अर्धा किलो वाढलीस. घाटात ह्यो अर्धा किलो कोन वढनार, मी?" घरी आई माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकते आणि तुम्ही ती उचलून घेता. माझी पाळी थांबली तेव्हा आई घाबरली. तुम्ही म्हणालात, "बरं झालं की. शर्यतीला अडचन न्हाई." मलाही तसंच वाटलं. मी जिंकत होते. पुढच्या वर्षी माझा पाय मोडला, तेव्हा आपण रस्त्याला दोष दिला. तुम्हाला कुणी काही शिकवलं नव्हतं, हे मला कळतं.

काल मी लेकीपुढे वरणभात ठेवला, वर तूप, बाजूला दोन अंडी. तिने ताट सरकवलं. "आता सायकलच बंद आहे, मग खाऊ कशाला? वजन वाढेल ना." मी ओरडले. मग तिचा हात धरून म्हणाले, "एक घास खा गं, माझ्यासाठी." ती शांतपणे म्हणाली, "आई, हलकं अंग चढतं, हे तूच म्हणायचीस." ताट तसंच उचललं. आज सकाळीही उचललं. उद्या काय करायचं, मला सुचत नाही.

सगळं तुमच्यावर ढकलून हे पत्र तिला वाचायला द्यायचं होतं. देणार नाही. तिच्या कपाटातलं पॅडचं पाकीट दिवाळीपासून फोडलेलं नव्हतं, ते मी पाहिलं होतं. निवड चाचणी होऊ दे, मग विचारू, असं मनाशी ठरवलं. निवड झाली. मी विचारलं नाही, सोसायटीत पेढे वाटले. तिने एकही खाल्ला नाही, तेही मी पाहिलं.